भंगार आणि भांगर

आमच्या घरी कोकणी बोलतात आणि शाळेत आम्ही मराठी शिकवितो. दोन्ही भाषांचा असा नित्य सहवास घडल्यामुळे काही शब्द मधूनमधून आमची थट्टा करीत असतात. मराठीत ‘भंगार’ म्हणजे मोडीत काढावयाचे लोखंड. कोकणीत ‘भांगर’ म्हणजे सोने. गकाराचा काना उचलून भकाराला जोडला की मोडीचे सोने होते! कागदावर ही किमया लेखणीच्या एका फटकाऱ्यात साधते. प्रत्यक्ष लोखंडाच्या बाबतीत ती साधते की नाही, कोणत्या अटींवर साधते, आणि नवशिक्याने तिच्या वाटेस जावे की जाऊ नये, याविषयी आमचे जे मत बनले आहे ते विद्यार्थिमित्रांपुढे व पालकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न काल्पनिक नाही. आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरी, सत्तरी तालुक्यातील एका गावात, २००३ साली नोंदलेले डिझेलचे एक पिकअप आहे. पुढे दोघातिघांना बसता येईल अशी केबिन, मागे उघडा हौदा. घरची केळी, नारळ, सुपारी आणि उन्हाळ्यात काजूच्या बिया त्यातून वाळपईला व शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जात. वडिलांच्या पाठीचे दुखणे बळावले आणि गाडी फणसाच्या झाडाखाली दोन पावसाळे उभी राहिली. माल भाड्याच्या गाडीने जाऊ लागला, आणि बाजारातून घरी येणाऱ्या पैशांतला मोठा वाटा भाड्यातच खर्ची पडू लागला. मुलीचा थोरला भाऊ आमचाच माजी विद्यार्थी. बारावी झालेला, गाडी चालविण्याचा परवाना नुकताच हाती आलेला. नातेवाइकांपैकी निम्मे म्हणत, भंगारात द्या. निम्मे म्हणत, रंग मारून विकून टाका. मुलगा म्हणे, मी स्वतः दुरुस्त करतो. शेवटी आईने आम्हांला विचारले, “सर, तुम्हीच सांगा. ठेवायची की द्यायची?”

आम्ही कला शाखेचे पदवीधर. एखाद्या अवघड ओवीचा अन्वय लावून दाखविण्याचे धाडस आम्ही करू. डिझेलच्या पंपाचा अन्वय लावणे हे आमचे काम नव्हे. तथापि शिक्षकाला प्रश्न विचारला गेला की त्याने निदान वही उघडून बसावे, असे आम्ही मानतो. त्यानंतरची उन्हाळ्याची सुट्टी आणि पुढील काही रविवार आम्ही त्या फणसाखाली काढले. सोबतीला ती दोघे भावंडे आणि गावातले एक वयस्क मिस्त्री. हे मिस्त्री फारसे बोलत नसत. पण त्यांनी उच्चारलेले प्रत्येक वाक्य वहीत उतरवून घेण्याजोगे असे.

पिकअप हे वाहन मुळातच कष्टकऱ्याचे. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या मॉडेल टी गाडीला मागे उघडा हौदा जोडून ती कारखान्यातून तयार विकावयास आणली. त्यापूर्वी शेतकरी साध्या मोटारीचा मागचा भाग कापून तेथे फळ्या ठोकीत. आपल्याकडे जीपला हौदा जोडण्याची रीत जुनी. आणि १९८८ साली त्या काळच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पुण्याहून टाटामोबाइल आणली, तेव्हापासून हलक्या पिकअपचे युग येथे खरे सुरू झाले असे म्हणावयास हरकत नाही. या गाड्यांची रचना सरळ असते. दोन लांब पोलादी तुळयांची चासी, तिच्यावर केबिन आणि हौदा निरनिराळे बसविलेले, मागे पाट्यांच्या कमानी. बॉनेट उघडले की बहुतेक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. आजच्या गाड्यांत जे काम संगणकाकडे सोपविलेले असते, ते या गाड्यांत तारा, दांडे आणि नळ्या करतात. म्हणूनच नवशिक्याला शिकावयास त्या बऱ्या, असे आमचे मत आहे. दोष लपून बसला तरी त्याचा माग काढता येतो.

आता मुख्य मुद्दा. जुने वाहन हाती आले की माणूस प्रथम कशाला हात घालतो? मुलाने पहिल्या दिवशी आम्हांला रंगांचा तक्ता दाखविला. त्याला गडद निळा पसंत होता, आणि हॉर्नही दोन आवाजांचा हवा होता. या वयात ते स्वाभाविकच आहे. परंतु आमचे म्हणणे ठाम आहे. गाडी आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, आणि दिसण्याचा विचार सर्वांत शेवटी. हा क्रम ज्याला मान्य नाही त्याने गाडी खुशाल भंगारात द्यावी. त्यात निदान कोणाचा जीव जात नाही.

आणि या तिहींच्याही आधी एक काम आहे, ते म्हणजे पाहणे. दुरुस्तीच्या वह्या सहसा खर्चाच्या यादीने सुरू होतात. आमची सुरू झाली ती हातोडीच्या आवाजाने. मिस्त्रींनी एक लहान हातोडी घेतली आणि चासीवर टोकापासून टोकापर्यंत हलके ठोके देत ते सरकू लागले. निरोगी लोखंड खणकन वाजते. आतून सडलेले लोखंड बद्द आवाज करते. घड्याच्या पारखीसारखीच ही पारख. पाट्यांच्या कमानी जेथे चासीला टांगलेल्या असतात त्या जागा, हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या, केबिनची पावठणे, दारांच्या खालच्या कडा, पायाखालचा पत्रा, ही गंजाची आवडती ठिकाणे. दारांच्या तळाला पाणी निथळण्यासाठी बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजली की दार म्हणजे पाण्याची टाकीच बनते. आपल्या प्रदेशात तर गंजाला निमंत्रण लागत नाही. चार महिने धो धो पाऊस, किनाऱ्यालगत वाऱ्यातून येणारे मीठ, आणि ओला पालापाचोळा. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो आणि मीठ त्याला गती देते, हे रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहेच. पण फणसाची कुजलेली पाने हौद्याच्या कोपऱ्यात दोन वर्षे ओली राहिली म्हणजे दीड वीत पत्रा बोटाने खचतो, हे पुस्तकात नाही.

चासीचा कस येथेच ठरावयाचा होता. मिस्त्रींनी आधीच बजावले होते की कमानी टांगण्याच्या जागा सडलेल्या निघाल्या तर पुढचे बोलणे बंद. आम्हांलाही तेच योग्य वाटते. पत्रा बदलता येतो, इंजिन उघडता येते. परंतु गाडीचा कणाच गेलेला असेल तर त्यावर पट्टी मारून माल लादणे म्हणजे स्वतःची व दुसऱ्याची फसवणूक. चासीवरील वेल्डिंग हे तर नवशिक्याचे काम नव्हेच. २०२१ साली वाहने मोडीत काढण्याचे धोरण आल्यापासून नोंदणीकृत केंद्रात गाडी दिल्यास तसे प्रमाणपत्र मिळते आणि नोंदणी रीतसर रद्द होते. तो मार्ग सन्मानाचा आहे. सुदैवाने या गाडीची चासी टोकापर्यंत खणखणली. पत्रा मात्र बराच गेलेला होता.

त्याच दिवशी कागदपत्रेही पाहिली. नोंदणीपुस्तकातील चासी क्रमांक आणि चासीवर कोरलेला क्रमांक एकच आहे ना, बँकेचा बोजा उतरला आहे ना, विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि धुराचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेला संपले, हे सारे मुलीने लिहून काढले. मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्राशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, आणि पंधरा वर्षांवरील वाहनांच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ पासून बरेच वाढविण्यात आले आहे. हा खर्च हिशेबात न धरता जे जुनी गाडी ‘स्वस्तात’ घेतात, त्यांचे स्वस्त सहा महिन्यांत महाग होते.

यानंतर ब्रेक. येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. वाचकांनी कंटाळू नये.

पायाने पेडल दाबले की गाडी थांबते, एवढेच आपणांस ठाऊक असते. मधल्या भागात फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल बसलेला असतो. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा त्याचा नियम तुम्ही विज्ञानाच्या तासाला पाठ केला आहे. पेडलमागील मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑईल असते. पेडल दाबले की तो दाब बारीक नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो आणि तेथील लहान सिलिंडर ब्रेकचे बूट ड्रमवर दाबून धरतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचे बळ चाकापर्यंत पोहोचते. परंतु नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर? हवा दबते. मग पेडल स्पंजासारखे आत जाते आणि चाक फिरतच राहते. परीक्षेत नियम लिहून गुण मिळविलेल्या आमच्या विद्यार्थिनीने त्या पेडलवर स्वतः पाय ठेवला तेव्हा ती म्हणाली, “सर, हे प्रकरण खरंच असतं होय!” पाठ्यपुस्तकाला याहून मोठी पावती आम्ही ऐकलेली नाही.

ब्रेक ऑईलचा आणखी एक गुण, किंवा अवगुण म्हणा, फार थोड्यांना ठाऊक असतो. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ या प्रकारचे ताजे तेल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळता कामा नये, असा मानक आहे. ओलावा शिरलेल्या त्याच तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. भरलेली गाडी घेऊन कोणी चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट उतरू लागला, वळणावळणावर ब्रेक दाबू लागला, की ड्रम तापतात, तेल तापते. जुने तेल उकळले म्हणजे त्याची वाफ होते, आणि वाफ ही हवेप्रमाणेच दबते. घाटाच्या माथ्यावर उत्तम लागणारा ब्रेक पायथ्याशी लागत नाही, त्याचे कारण पुष्कळदा हे असते. दैवाला बोल लावण्यापूर्वी तेल किती वर्षांचे आहे ते पाहावे. दर दोन वर्षांनी ते बदलणे हा काही मोठा खर्च नाही. मात्र त्या जागी दुसरे कोणतेही तेल ओतू नये. इंजिनचे ऑईल ओतले तर आतील रबरी वायसर फुगतात आणि सगळी रचना निकामी होते. ब्रेक ऑईल रंगावर सांडले तर रंग उतरविते आणि पोटात गेले तर विषारी असते. म्हणून ते सरबताच्या बाटलीत भरून ठेवणाऱ्यांस आमचा कोपरापासून नमस्कार.

चाके उतरविली तेव्हा मागच्या दोन्ही सिलिंडरांतून तेल पाझरत होते आणि लायनर तेलाने माखलेले होते. मिस्त्री म्हणाले, “हे पुसून लावायचं नसतं. तेल प्यालेला लायनर नवाच घालायचा.” तसे केले. ड्रममधील धूळ मुलगा फुंकून काढणार, एवढ्यात त्यांनी त्याचा हात धरला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ छातीत गेली तर वर्षानुवर्षांनी रोग होतो. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. हवा काढण्याचे काम मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे मागच्या डाव्या, चाकापासून सुरू करावयाचे. एकाने पेडल दाबून धरावयाचे, दुसऱ्याने चाकाजवळचा स्क्रू किंचित सैल करावयाचा, बुडबुडे बाहेर पडले की तो घट्ट करावयाचा आणि मगच पेडल सोडावयाचे. ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’, या तीन शब्दांवर भावंडांची अख्खी दुपार गेली, आणि एकमेकांचे न ऐकण्याची त्यांची जुनी खोड निदान तेवढ्यापुरती सुटली.

घाटाचा विषय निघाला आहे तेव्हा आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करून, इंजिनही बंद करून सोडणारे बहाद्दर आपल्या ओळखीत असतात. या गाड्यांत ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या साहाय्याने निर्माण होणाऱ्या निर्वातावर चालतो. इंजिन बंद केल्यावर एकदोनदा पेडल दाबले की तो जोर संपतो, पेडल दगडासारखे होते, आणि गिअर नसल्याने इंजिनचा अटकावही नाहीसा होतो. पावशेर डिझेलासाठी हा जुगार! चढताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आम्हांला शंभर टक्के पटतो.

गाडीखाली शिरण्याविषयीही कडक शब्दांत लिहिणे भाग आहे. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. उचलल्यावर चासीखाली लोखंडी घोड्या लावाव्या, जमिनीवरील चाकांना पुढेमागे दगड लावावे, आणि गाडी हाताने हलवून पाहून मगच खाली जावे. आपल्याकडे चिरे मुबलक, म्हणून चिऱ्यांची थप्पी लावून गाडी टेकविण्याची रीत सर्रास दिसते. घराच्या भिंतीला उत्तम असलेला चिरा एका बिंदूवर टनभर भार आला की दुभंगतो, आणि दुभंगण्यापूर्वी सूचना देत नाही. पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांचेही तेच. दोन घोड्यांची किंमत एका हॉर्नइतकी असेल नसेल. मुलाच्या खर्चाच्या यादीतून हॉर्न गेला आणि घोड्या आल्या, तेव्हा आम्हांला वाटले की आता हा गाडी दुरुस्त करील.

टायरांवर नक्षी भरपूर होती, म्हणून ते चांगले आहेत असा घरच्यांचा समज होता. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. २३१५ म्हणजे २०१५ सालातील तेविसावा आठवडा. विद्यार्थ्यांनी घरच्या दुचाकीवर हे आकडे आजच वाचून पाहावेत. न वापरताही रबर म्हातारे होते आणि त्याला भेगा पडतात. चारही टायर बदलावे लागले, आणि सर्वांत मोठा खर्च त्यांचाच झाला.

इंजिनकडे आम्ही वळलो ते यानंतर. डिझेलच्या इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. रूडोल्फ डिझेलचे हे यंत्र १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी रीतीने चालले. हवा इतकी दाबावयाची की ती दाबानेच ५०० अंशांच्या पलीकडे तापावी, आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडावयाचा, हे त्याचे तत्त्व. म्हणून या इंजिनाला हवी असते शुद्ध हवा, शुद्ध डिझेल आणि सिलिंडरची घट्ट बंदिस्ती. दोन वर्षे उभ्या राहिलेल्या टाकीच्या तळाशी पाणी आणि काळसर गाळ साचला होता. तो काढला, टाकी धुतली, डिझेलचा व हवेचा फिल्टर आणि इंजिनचे ऑईल बदलले. चावी फिरविण्याआधी मिस्त्रींनी पाना लावून इंजिन हातानेच एक फेरा फिरविले. आत काही अडकले असेल तर ते हाताला कळते, चावीला कळत नाही. ज्या इंजिनात रबरी टायमिंग बेल्ट असतो तेथे तो आधी बदलावा. तो तुटल्यास व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात. फिल्टर बदलल्यावर नळ्यांत हवा शिरते आणि इंजिन मुळीच दाद देत नाही. फिल्टरजवळचा हातपंप मारीत बुडबुडे संपेपर्यंत ती काढावी लागते. ब्रेकमधील हवेचा धडा आदल्या आठवड्यात झालेला असल्यामुळे हा पाठ मुलीने आपणहून ओळखला.

रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी ओतण्याची सवय सोडावी, आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. विजेच्या तारा उंदरांनी कुरतडल्या होत्या. त्या एका वायरमनने दोन दिवसांत बदलून दिल्या. त्याविषयी लिहिण्यासारखे विशेष नाही.

रंगाचे काम शेवटी आले आणि त्यात एक वाद झाला. गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून, घासून, गुळगुळीत करून रंग मारणारे कारागीर स्वस्तात मिळतात. गाडी विकावयाची असेल तर हा उपाय झटपट आहे. आणि म्हणूनच जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ताज्या रंगाकडे पाहून आनंदित होण्याऐवजी सावध व्हावे. लांबीखाली गंज वाढतच राहतो. सडलेला पत्रा कापून नवा जोडावा, उरलेला गंज तारेच्या ब्रशने खरवडून रेड ऑक्साईड लावावे, मग रंग. रंग तोच ठेवावा. तो नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो आणि बदलल्यास परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते. निळ्या रंगाचा तक्ता अशा रीतीने निकालात निघाला आणि गाडी पूर्वीसारखी पांढरीच राहिली.

आमच्या या मताला आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप धुराचा. २००३ सालचे इंजिन आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा नियमांनुसार बनलेले इंजिन यांच्या धुरात फार अंतर आहे, आणि कितीही दुरुस्ती केली तरी ते भरून निघणार नाही. आम्ही हे मान्य करतो. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल, निळा म्हणजे जळणारे ऑईल. नोजल साफ करून व टॅपेट बसवून काळा धूर पुष्कळ कमी झाला, गाडी तपासणीत उतरली, तरी ती नव्यासारखी झाली असे म्हणणे खोटे ठरेल. हीच गाडी शहरात रोज शंभर किलोमीटर फिरावयाची असती तर आम्ही आईला निराळा सल्ला दिला असता. आठवड्यातून दोन खेपा करणाऱ्या गाडीसाठी नवी गाडी, तिच्यासाठी लागणारे पोलाद आणि त्या घराच्या डोक्यावर पाच वर्षांचे कर्ज, हे सर्व तराजूच्या दुसऱ्या पारड्यात घालून पाहावे, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरा आक्षेप आमच्या एका सहकाऱ्यांचा. ते म्हणाले, “मुलाने बारावीनंतर पुस्तके वाचावी की पाने फिरवावे?” श्लेष चांगला होता, आम्ही हसलो. परंतु प्रश्नामागची समजूत आम्हांला मान्य नाही. आपल्या समाजात हाताला काळे लागले की बुद्धी कमी, असा एक हिशेब रूढ आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली. पुढे कोठारी आयोगाने, १९६४ ते ६६ या काळात विचार करून, शाळांत कार्यानुभवाची शिफारस केली. आमच्या पिढीच्या वाट्याला त्यातून काय आले? आइस्क्रीमच्या काड्यांचे घर आणि क्रेप कागदाची फुले. तीही पुष्कळदा घरून आईने करून दिलेली. जो मुलगा आयटीआयला जातो त्याच्याविषयी ‘पुढे काही जमले नाही’ असे म्हणावयाचे, आणि आपली गाडी रस्त्यात बंद पडली की त्यालाच हात जोडावयाचे! बद्द आवाजावरून सडलेले लोखंड ओळखणाऱ्या त्या मिस्त्रींना चौथीनंतर शाळा सोडावी लागली होती. त्यांच्या निरीक्षणाच्या शिस्तीपुढे आमच्या अनेक पदवीधरांची शिस्त फिकी पडेल, आणि हे आम्ही शिष्टाचार म्हणून लिहीत नाही.

भाषेविषयीही एक सांगतो, कारण तो आमचा विषय आहे. विज्ञानाच्या पुस्तकात ‘संपीडन’, ‘प्रज्वलन’, ‘अंतर्ज्वलन’ असे शब्द असतात; गॅरेजमध्ये पाना, पक्कड, घोडी, लांबी, पाटा, हौदा, वायसर, नोजल. दोन्हीकडची माणसे एकाच वस्तूविषयी बोलतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. मुलीने वहीत डाव्या पानावर मिस्त्रींचा शब्द आणि उजव्या पानावर पुस्तकातला शब्द असा संग्रह केला. काही पाने एका बाजूने कोरी राहिली आहेत, आणि ती बहुतेक उजवीकडची आहेत. कोकणीत आम्ही दुरुस्तीला ‘सारकें करप’ म्हणतो. ‘नवे करणे’ असा त्याचा अर्थ होत नाही. जे जसे असावे तसे करणे, एवढाच होतो. नवशिक्याने जुन्या गाडीकडून अपेक्षा ठेवावयाची ती एवढीच.

गाडी योग्यता तपासणीत दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाली. पहिल्या वेळी हँडब्रेकने दगा दिला. दसऱ्यापूर्वी केळीचे घड घेऊन ती म्हापशाला गेली आणि सायंकाळी आपल्या पायांनी परत आली. डाव्या दाराची काच अजून वर जात नाही, आणि तिसरा गिअर थंड असताना कुरकुरतो. यादीतील एकतीस कामांपैकी चार शिल्लक आहेत. हौदा धुऊन कोरडा ठेवण्याचे काम यादीत नाही. ते दर शनिवारचे आहे आणि ते वडिलांनी खुर्चीवर बसून देखरेखीसाठी आपल्याकडे घेतले आहे.

त्या मिस्त्रींनी महिन्यातून एका शनिवारी शाळेत येऊन आठवी-नववीच्या मुलामुलींना दाखविण्याचे कबूल केले आहे. त्यांची अट एकच: फळ्यावर चित्र नको, हातात वस्तू हवी. मुख्याध्यापकांनी सायकल-शेडच्या मागील पडवी दिली आहे. तेव्हा पालकबंधुभगिनींना विनंती की कोणाच्या परसात जुना गिअरबॉक्स, डिझेल पंप, ब्रेकचा ड्रम किंवा मोडके इंजिन पडून असेल तर ते भंगारवाल्याला देण्याआधी आम्हांला कळवावे. गंजलेले असले तरी चालेल. आणावयास पिकअपची सोय आहे. फक्त आतील तेल आधी काढून ठेवावे आणि ते विहिरीजवळ ओतू नये.